कंपायलरची शिवाशिव

गेल्या पावसाळ्यात एका गुरुवारी रात्री मी एका स्ट्रक्टमधली, म्हणजे माहितीच्या एका साच्यातली, एकच ओळ बदलली आणि चहा ठेवायला उठले. काम तसे किरकोळ होते. शीतगृहांतल्या तापमानाच्या नोंदी गोळा करणारा आमचा एक प्रोग्राम रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला आहे. त्यात प्रत्येक संवेदकाला एक लेबल असते आणि तेच लेबल हजारो नोंदींत पुन्हा पुन्हा साठवले जात होते. प्रत्येक वेळी नवी प्रत काढण्याऐवजी सगळ्यांनी एकच प्रत वाटून घ्यावी, म्हणून त्या जागी मी आरसी लावली, म्हणजे आपले मालक किती आहेत ते स्वतःच मोजणारा पॉइंटर (वस्तूच्या जागेकडे बोट दाखवणारा पत्ता). दूध वर येईपर्यंत कंपायलरचे, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्याचे, उत्तर आलेले होते, आणि ते मी हात लावलेल्या फाइलबद्दल नव्हतेच. तिथून तीन फायली पलीकडे, जिथे नोंदींचा गठ्ठा एका नव्या थ्रेडच्या, म्हणजे प्रोग्राममध्येच समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्याच्या, हवाली होतो, तिथे लाल अक्षरांत लिहिले होते की ही आरसी एका थ्रेडमधून दुसऱ्यात सुरक्षितपणे पाठवता येत नाही. खाली टिपांची शिडी होती: आरसी लेबलमध्ये आहे, लेबल संवेदकात आहे, संवेदक नोंदवहीत आहे, नोंदवही या क्लोजरने (भोवतालच्या वस्तू सोबत घेऊन जाणाऱ्या फंक्शनने) उचलली आहे, आणि हे क्लोजर ज्या फंक्शनला दिले आहे त्याची अट आहे की येणारी वस्तू ‘सेंड’, म्हणजे दुसऱ्या थ्रेडकडे सुरक्षितपणे पाठवता येणारी, असली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी हा प्रकार मी आमच्याकडे नुकत्याच रुजू झालेल्या एका सहकाऱ्याला दाखवला. तो जावा शिकून आलेला, शंका विचारायला न लाजणारा मुलगा. त्याने शिडी वरपासून खालपर्यंत वाचली, मग नोंदवहीची व्याख्या उघडली, ती दोनदा वाचली आणि म्हणाला, “पण आपली नोंदवही सेंड आहे असं तुम्ही कुठे लिहिलं होतं? ती सेंड होती कधी, की आता नाही असं हा म्हणतोय?”

कुठेच लिहिलेले नव्हते.

उत्तर मला ठाऊक होते आणि मी ते त्याला दिलेही. पण उत्तर देऊन झाल्यावरही प्रश्न माझ्यापाशीच राहिला. वर्षभर मी ज्या प्रकाराला, म्हणजे टाइपला, निव्वळ ‘नोंदवही’ म्हणून ओळखत होते, त्याच्यावर कोणीतरी माझ्या नकळत एक शिक्का मारून ठेवला होता आणि तो पुसला गेला तेव्हाच तो असल्याचे मला कळले. एखाद्याबद्दल काही ठरते, त्याने तोंड उघडलेले नसते, आणि ठरल्याचा पत्ता त्याला अडवले जाते त्या उंबऱ्यावर लागतो, हा अनुभव माझ्या ओळखीचा होता. कुठून ओळखीचा, ते आठवायला मात्र आठवडा गेला.

सेंड हा एक ट्रेट आहे. ट्रेट म्हणजे एखाद्या प्रकाराला काय करता येते याचा करार. या कल्पनेचे मूळ १९८९ मध्ये फिलिप वॉडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी मांडलेल्या टाइप क्लासमध्ये आहे. हॅस्केल या भाषेने ती वाढवली आणि रस्टने ती थ्रेड आणि मेमरीच्या रणधुमाळीत आणून उभी केली. बहुतेक ट्रेट घोषणेने मिळतात. माझ्या प्रकाराला स्वतःला छापून दाखवता येते, असे मला म्हणायचे असेल तर तसे लिहून, त्यासाठी लागणारे फंक्शन भरून द्यावे लागते. नुसते त्या नावाचे फंक्शन असून भागत नाही. गळा आहे म्हणून कोणी गायक ठरत नाही, गायकांच्या यादीत नाव घालावे लागते. या घोषणांवर आणखी एक बंधन आहे, की ट्रेट तरी आपल्या क्रेटमधला, म्हणजे आपल्या पॅकेजमधला, हवा किंवा प्रकार तरी आपला हवा. परक्या ट्रेटचे परक्या प्रकाराशी लग्न आपल्या मांडवात लावता येत नाही, नाहीतर दोन गावांत एकाच जोडप्याची दोन लग्ने लागतील आणि खरे कोणते ते ठरवता येणार नाही. हे सगळे उघड्यावरचे व्यवहार आहेत. त्यांच्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती.

सेंडचे तसे नाही. स्टँडर्ड लायब्ररीत त्याची व्याख्या जाऊन पाहिली तर महिरपी कंस उघडतो आणि लगेच मिटतो. आत एकही फंक्शन नाही. करार आहे पण त्यात कलम नाही. त्या व्याख्येत ‘ऑटो’ असा एक शब्द आहे आणि सगळी मेख त्या शब्दात आहे. ऑटो ट्रेट कोणी घोषित करावा लागत नाही. कंपायलर प्रकाराच्या आत उतरतो, त्याचे घटक पाहतो, घटकांचे घटक पाहतो, आणि सगळेच्या सगळे सेंड असतील तर बाहेरचा प्रकारही सेंड मानतो. एक जरी घटक तसा नसला तरी ते नसणे एकेक पायरी वर चढत सगळ्यात बाहेरच्या प्रकारापर्यंत पोहोचते. सहकाऱ्याला हे समजावताना माझ्या तोंडून सहज निघून गेले, “आरसी शिवली ना त्याला!” तो हसला, कारण त्याला तो विनोद वाटला. मी गप्प झाले.

वाईला आमचा वाडा होता. कृष्णेच्या घाटापासून चार मिनिटांवर, पुढे ओसरी, मग माजघर, मग अंधारे स्वयंपाकघर आणि मागे पडवी. स्वयंपाकघराच्या तोंडाशी, हात पुरणार नाही इतक्या उंचावर, एक बांबूची दांडी टांगलेली असे आणि आजीचे सोवळ्याचे लुगडे काठीने त्या दांडीवर वाळत टाकलेले असे. ती काठीही वेगळी होती. तिला आम्ही हात लावायचा नाही. धुतलेले सुती वस्त्र आमच्यापैकी कोणाचा हात लागला की ओवळे होई, लोकरीची धाबळी आणि रेशमी मुकटा मात्र तेवढ्याने होत नसे. असे का, हे मी एकदा विचारले तेव्हा “रेशमाला चालतं” एवढेच उत्तर मिळाले. घरातली प्रत्येक वस्तू, प्रत्येक माणूस, कोणत्याही क्षणी दोहोंपैकी एका बाजूला असे, आणि बाजू बदलायला कोणी काही म्हणावे लागत नसे, स्पर्श पुरे होई. आत्या म्हणे, आईचं घर म्हणजे बुद्धिबळाचा पट आहे. मला तो कधी पटासारखा वाटला नाही, कारण पटावर निदान दोन्ही बाजूंना नियम माहीत असतात.

तेराव्या वर्षी, मे महिन्याच्या सुट्टीत, त्या वाड्यात मला पहिल्यांदा कावळा शिवला. मी कोणालाही काही बोलले नव्हते. आत्याने पाहिले, आजीला सांगितले, आणि पाच मिनिटांच्या आत मागच्या पडवीत माझी सतरंजी, माझे तांब्या-भांडे, माझे पुस्तक जाऊन पोहोचले. त्या चार दिवसांतला उकाडा, पडवीच्या कौलांतून उतरणारी उन्हाची पैशाएवढी चकाकी, आतून येणारा आमरसाचा वास हे सगळे मला अजून लख्ख आठवते. मी सकाळी आंघोळ केली होती, माझे हात स्वच्छ होते, नखांत मातीही नव्हती, आणि तरी मी ज्याला हात लावीन ते माझ्यासारखे होणार होते. याच पडवीत आमच्याकडे धुणे-भांडी करणाऱ्या बाई रोज चहा प्यायच्या, त्यांचा कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. त्या चार दिवसांत त्यांच्या शेजारी बसून चहा घेताना माझ्या लक्षात आले, की माझी ही पाळी चार दिवसांत संपणार आहे आणि त्यांची कधीच संपणार नाही. आजी रात्री उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसून मला गोष्ट सांगायची, पंखा माझ्या दिशेने हलवत; वारा शिवत नसावा. तिचे माझ्यावर प्रेम नव्हते असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

त्याच स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीलाही असाच दंडक होता: ओला हात लागता कामा नये, ओला चमचा जाता कामा नये. एकदा चुलतभावाने आमटीचा चमचा तसाच बरणीत घातला, आणि आठ-दहा दिवसांनी आजीने फडके सोडून मला आत बघायला लावले. खारावर पांढरी बुरशी धरली होती. “बघ,” ती म्हणाली. सोवळ्याच्या बाबतीत ती कधीच ‘बघ’ म्हणाली नाही.

आरसीच्या बाबतीत कंपायलर काय ‘बघ’ म्हणतो, ते जरा सावकाश सांगण्यासारखे आहे. आरसी ज्या वस्तूकडे बोट दाखवते तिच्याशेजारी एक आकडा असतो. नवा मालक आला की तो एकाने वाढतो, गेला की एकाने कमी होतो, आणि शून्य झाला की वस्तूची मेमरी मोकळी केली जाते. आकडा वाढवणे ही वरवर एक कृती दिसली तरी आत त्या तीन असतात: वाचणे, त्यात एक मिळवणे आणि परत लिहिणे. समजा आकडा दोन आहे आणि दोन थ्रेड एकाच वेळी आपापली नवी प्रत घेतात. दोघेही दोन वाचतात, दोघेही तीन लिहितात. मालक चार झाले, वहीत तीनच लागले. पुढे तीन मालक निघून गेले की आकडा शून्यावर येतो, वस्तू मोडीत निघते, आणि चौथा मालक हातात किल्ली घेऊन पाडलेल्या घराच्या जागेवर उभा राहतो. ही चूक रोज घडत नाही, हजारात एकदा, तीही भार वाढल्यावर, ग्राहकाच्या यंत्रावर, आणि शोधायला गेल्यावर दडी मारते. आरसीचा सख्खा भाऊ आर्क हाच आकडा अणुक्रियेने बदलतो, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच अविभाज्य हालचालीत, ज्यामध्ये दुसऱ्या कोणाला शिरकाव नाही. त्यासाठी तो थोडा जास्त वेळ घेतो. म्हणून आरसी सेंड नाही आणि आर्क आहे, तोही आतली वस्तू सेंड आणि सिंक (म्हणजे एकाच वेळी अनेक थ्रेडना सुरक्षितपणे वाटून वापरता येणारी) दोन्ही असेल तरच. रेशमाला का चालते, याचे उत्तर इथे मिळते. शिवाय आरसीत मुळात काही खोट नाही. एकाच थ्रेडच्या घरात ती आर्कपेक्षा चपळ आहे आणि तिथे तिला कोणी पडवीत बसवत नाही.

इथपर्यंत आल्यावर मला बरे वाटले होते आणि लेख इथेच थांबवता आला असता. पण एक गोष्ट टोचत राहिली. त्या रात्री माझ्या प्रोग्राममध्ये थ्रेडच्या हवाली होणारी प्रत्येक आरसी आपल्या सगळ्या प्रतींसकट एका गठ्ठ्यातच जात होती. मागे एकही मालक उरत नव्हता. म्हणजे प्रत्यक्षात काहीच बिघडणार नव्हते, आकडा एका वेळी एकाच थ्रेडने बदलला असता. कंपायलरने ते पाहिले नाही, कारण तो ही आरसी, ती आरसी असे पाहतच नाही. तो आरसी नावाचा प्रकार पाहतो आणि त्या प्रकारातल्या कोणाच्याही हातून जे होऊ शकते ते सगळ्यांच्या नावावर मांडतो. माझे हात स्वच्छ होते, हा युक्तिवाद इथेही चालत नाही. फरक असलाच तर एवढा आहे की इथे नियम बनवणाऱ्यांनी उलट वाटही ठेवली आहे. सेंड हा ‘अनसेफ’ ट्रेट आहे. तुमच्या प्रकाराबद्दल कंपायलरला कळत नाही ते तुम्हाला कळत असेल, तर तुम्ही स्वतःच्या सहीने तो सेंड असल्याचे लिहून देऊ शकता. कंपायलर मग तपासत नाही, विश्वास ठेवतो. पुढे काही कोसळले तर तो अनसेफ शब्द नेमका कोणत्या ओळीत आहे हे शोधून काढता येते. आजीच्या घरात ‘माझ्या जबाबदारीवर’ असे म्हणण्याची सोय एकाच व्यक्तीला होती, आणि ती व्यक्ती आजी होती.

सगळेच ट्रेट असे आपोआप का ठरू नयेत, किंवा सगळेच लिहून का घेऊ नयेत, या प्रश्नावर रस्टचे कर्तेही अडखळले आहेत. कॉपी हा ट्रेट, म्हणजे ज्याची प्रत नुसते बाइट उचलून काढता येते असा प्रकार, सुरुवातीच्या रस्टमध्ये घटकांवरून आपोआपच ठरत असे. १५ मे २०१५ ला १.० ही आवृत्ती आली, त्याच्या आधी, २०१४ च्या अखेरीस ते बदलले. आता कॉपी हवे असेल तर मागावे लागते आणि मागितल्यावर कंपायलर प्रत्येक घटक तपासून ते देतो किंवा नाकारतो. आत एखादी व्हेक, म्हणजे लांबी वाढू शकणारी यादी, असेल तर नाकारतो, कारण तिचे बाइट उचलले तर एकाच मेमरीचे दोन मालक होतील आणि ती दोनदा मोकळी केली जाईल. ज्या प्रकाराला जाताना काही आवराआवर करायची आहे, म्हणजे ज्याने ड्रॉप लिहिला आहे, त्याला कॉपी कधीच मिळत नाही. या बदलामागचा विचार मला फार माणसासारखा वाटतो: आज माझा प्रकार योगायोगाने साधा आहे म्हणून जगाने तो कायमचा साधा राहील असे धरून चालू नये, तसे वचन द्यायचे की नाही हे मला ठरवू द्यावे. पण मग हाच न्याय सेंडला का लावला नाही? कारण सरळ आहे आणि थोडे लाजिरवाणेही: तसे केले असते तर प्रत्येकाला प्रत्येक प्रकारावर तो शब्द लिहावा लागला असता, लोक विसरले असते, आणि परक्या क्रेटमधला एखादा निरुपद्रवी प्रकार केवळ विसरभोळेपणामुळे थ्रेडबाहेर अडकून पडला असता. सोय आणि संमती यांच्यात इथे सोय जिंकली. किंमत अशी की नोंदवहीतली एक खासगी ओळ बदलून सगळ्या जगाला माझ्या नावे दिले गेलेले, पण मी स्वतः न दिलेले, एक वचन मी नकळत मोडले.

ज्यांना नाव नाही त्यांचेही वर्गीकरण होते. क्लोजर लिहिले की कंपायलर त्याच्यासाठी एक निनावी प्रकार तयार करतो. तो मला कधी उच्चारता येत नाही. त्याने भोवतालच्या वस्तूंचे काय केले यावरून त्याची पायरी ठरते: नुसते पाहिले, बदल केला, की खाऊन टाकले. फक्त पाहणारे क्लोजर तिन्ही यादीत बसते, खाणारे फक्त शेवटच्या. इथे निदान वागणुकीवरून ठरते, एवढे म्हणता येईल.

आणि वर्तुळ. त्या आठवड्यात रात्री जागून मी ज्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवला तो भाग हाच. साधी साखळी घ्या: प्रत्येक कडीत एक मूल्य आणि पुढच्या कडीकडे नेणारा बॉक्स, म्हणजे एकाच मालकाचा पॉइंटर. कडी सेंड आहे का? तिच्यातला बॉक्स सेंड असेल तर. बॉक्स सेंड आहे का? त्याच्या आतली कडी सेंड असेल तर. कडी सेंड आहे का? आपण निघालो तिथेच परत आलो. साध्या, घोषणेने मिळणाऱ्या ट्रेटबाबत असे झाले तर कंपायलर हात वर करतो. स्वतःच्याच खांद्यावर उभे राहून कोणी उंच होत नाही, पुरावा कुठेतरी जमिनीला टेकला पाहिजे. ऑटो ट्रेटबाबत मात्र तो हेच वर्तुळ मान्य करतो. त्याचे म्हणणे असे, की फिरून मूळ जागी आलो आणि सगळ्या वाटेत कुठेही विटाळ सापडला नाही, तर नाही म्हणायला कारण उरले नाही. तर्कशास्त्रात पहिल्या रीतीला इंडक्शन आणि दुसरीला कोइंडक्शन म्हणतात, आणि दोन्ही आपापल्या जागी निर्दोष आहेत. सेंड ही मुळात ‘आत काही धोक्याचे नाही’ अशी नकारात्मक खात्री असल्याने तिला दुसरी रीत शोभते. मी मात्र ते वाचून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. पहिल्या रीतीत सिद्ध करायचे ओझे प्रकारावर आहे, दुसऱ्या रीतीत दोष दाखवायचे ओझे कंपायलरवर. आमच्या वाड्यात दोन्ही ओझी नेहमी पडवीतल्या माणसावर असत.

कंपायलर चुकत नाही असे मात्र नाही. सेंडला सिंक नावाचा एक जोडीदार आहे. वस्तूची मालकी न देता तिचा नुसता संदर्भ अनेक थ्रेडना वाटता येत असेल तर ती सिंक. म्यूटेक्स हे कुलूप. ते उघडले की हातात एक गार्ड येतो, आणि गार्ड असेपर्यंत आतली वस्तू तुमची. गार्डच्या आत पाहिले तर म्यूटेक्सचा संदर्भ आहे. आतली वस्तू नुसती सेंड असली तरी तेवढ्यावर म्यूटेक्स सिंक असतो, कारण कुलूप एका वेळी एकालाच आत सोडते. तेव्हा कंपायलरने नेहमीच्या पद्धतीने घटक मोजले आणि गार्डलाही तेवढ्यावर सिंक ठरवून टाकले. पण गार्ड म्हणजे कुलूप नव्हे, गार्ड म्हणजे उघडलेले दार. त्याचा संदर्भ दोन थ्रेडना वाटला तर दोघेही एकाच वेळी थेट आतल्या वस्तूपाशी पोहोचतात. आत सेल असेल, जो एकट्याने वापरायचा म्हणूनच बनवला आहे, तर दोघे त्यात एकदम लिहू लागतील, आणि या सगळ्यात अनसेफ हा शब्द कोणी एकदाही लिहिलेला नसेल. २०१७ मध्ये राल्फ युंग यांना हे सापडले, तेही प्रोग्राम कोसळून नव्हे. रस्टची सुरक्षितता गणिताने सिद्ध करण्याच्या रस्टबेल्ट या प्रकल्पात ते गार्डबद्दलचे विधान सिद्ध करू पाहत होते आणि ते सिद्ध होईना. दुरुस्ती एका ओळीची झाली: गार्ड सिंक तेव्हाच, जेव्हा आतली वस्तू सिंक असेल, असे स्पष्ट लिहिले गेले. घटक निर्मळ असले म्हणून त्यांतून घडलेल्या वस्तूचे काम निर्मळ असेलच असे नाही, हे घटक मोजणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता. अनेकांच्या नजरेखालून ती चूक गेली होती. मला या प्रसंगातले सगळ्यात आवडते ते असे, की जे ठरले होते ते कोणीतरी पुन्हा विचारायला घेतले आणि विचारणाऱ्याला कोणी गप्प केले नाही.

आत्याला मी फोनवर हे सगळे सांगायचा प्रयत्न केला, अर्थात आरसी आणि आर्क वगळून. ती आता वाईत एकटी असते, वाडा अर्धा उतरवून झाला आहे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “आईनं मला एकदा सांगितलं होतं गं, तिलाही लहानपणी ते आवडायचं नाही म्हणून.” मग लगेच, “दांडी आहे अजून. कुरडया वाळत घालते मी त्यावर, मुंग्या पोचत नाहीत.” मी आजीबद्दलच्या त्या पहिल्या वाक्यावर आणखी काही विचारणार होते, पण तिच्याकडे गॅसवाला आला आणि फोन ठेवला गेला. पुन्हा विचारायचे माझ्याने अजून झालेले नाही.

नोंदवहीचे काम सोमवारी दहा मिनिटांत संपले. लेबलाच्या जागी आरसी काढून आर्क लावला, चाचणीत वेळेचा फरक जाणवण्याइतकाही पडला नाही, आणि लाल शिडी नाहीशी झाली. मग मी आणखी एक गोष्ट केली, जी हा धंदा करणारे पुष्कळ जण करतात आणि मी आळसाने कधी केली नव्हती. चाचण्यांच्या फाइलमध्ये एक फंक्शन लिहिले, जे कोणताही प्रकार घेते, त्याच्यावर सेंड असण्याची एवढीच अट घालते आणि करत काहीच नाही; त्याला नोंदवही दिली. वर एका ओळीची टीप लिहिली, की हा प्रकार थ्रेड ओलांडून जातो, का जातो ते अमुक फाइलमध्ये आहे, आणि यापुढे कोणी आत आरसी लावली तर चूक इथेच, व्याख्येच्या शेजारी दिसेल.

तपासायला ते त्या नव्या सहकाऱ्याकडेच गेले. त्याने बराच वेळ लावला. मग माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, “याच्या आत तर काहीच नाही. हे फंक्शन चालतं तेव्हा नक्की काय होतं?”

“काही होत नाही,” मी म्हणाले. “ते कंपाइल झालं की काम झालं.”

तो आपल्या जागी गेला, आणि थोड्या वेळाने पाहिले तर त्याने माझ्या फंक्शनखाली तसेच आणखी एक जोडले होते, संवेदकासाठी, आणि वर त्याच्या भाषेत कारण लिहिले होते.